तीस इंच

वादी कबीरच्या दुकानात
दुर मोहम्मदने आधी माझा हात पाहिला,
मग भिंतीवरची ही उतरवली.
लांब गळ्याच्या, चौतीस इंची, तशाच टांगलेल्या राहिल्या.
डाव्या करंगळीचं पेर सोहारच्या एका ब्लोअरने नेलं.
त्याचे पैसे आले ते मालनला पाठवले,
मुलीच्या फीला, शेडच्या पत्र्याला.
उरले बेचाळीस रियाल.
बास गिटार अडतीसची.
चार रियालची पिशवी घेतली, तिची चेन दुसऱ्याच दिवशी गेली.

आता आठ महिने झालेत, तर खरं ते सांगतो.

रंग चांगला. उकडलेल्या बिटाचा.
लाकूड कुठलं ते दुकानदारालाही माहीत नाही,
चिंचेचं नाही एवढं मी सांगू शकतो.
डोकं जड. हात सोडला की खाली झुकतं,
शिफ्टहून परतताना बसमध्ये झोपलेल्या माणसासारखं,
आणि लोखंडी कपाटावर आपटतं.
पट्ट्याला आतून कातड्याचा तुकडा शिवला,
तेव्हा कुठे जरा ताठ राहायला लागली.

एसीच्या कोरड्या हवेत गळा आकसला,
पडद्यांची टोकं बाहेर आली, तळहात सोलला.
तांब्याच्या नळ्या घासायची कानस माझ्याकडे होतीच.
एका शुक्रवारी वीसही पडदे घासून काढले
इब्राहिम नमाजाहून परतायच्या आत.

सगळ्यात जाड तार सैल.
जोरात ओढली की सूर आधी वर जातो, मग जागेवर येतो,
गावाकडच्या फोनसारखं, आधी ओरडणं, मग बोलणं.
एक बटण खरखरतं.
क्लीनर मारला. अजून खरखरतं.

पण करंगळी पोचते.
हे मुद्दाम वेगळं लिहितोय.
पोचते.

मालन व्हिडिओवर म्हणाली, चारच तारा?
बाकीच्या दोन काढून घेतल्या का स्वस्तात दिली म्हणून?
मग म्हणाली, वाजवा.
वाजवलं. फोनला ते खालचे सूर झेपत नाहीत,
तिला नुसती माझी बोटं हलताना दिसली
आणि ऐकू आली तारेवर नखाची टकटक.
छान आहे, म्हणाली.
दुखत नाही ना?

गुरुवारी रात्री आम्ही तिघं गच्चीवर बसतो,
आग्नेलो कीबोर्डवर, रोडेल रंगाच्या रिकाम्या बादलीवर.
आग्नेलो एकदा म्हणाला, तू खाली खोलीतच सूर लावून येतोस,
कशावरून लावतोस?
हसून टाळलं. इथे सांगतो.
जाड तारेचा तिसरा पडदा
आणि आमच्या खिडकीतल्या एसीची घरघर
जवळजवळ एकच.
बावीस वर्षं मी ती घरघर दुरुस्त करत आलो,
तो सूर आहे
हे अडतीस रियाल मोजल्यावर कळलं.

ऑगस्टमध्ये रात्री दोनला वीज गेली.
एसी थांबला, आणि त्या गप्प होण्यानेच
खोली चाळवली.
नरसय्याने झोपेत चादर लाथाडली.
त्याची पाचची शिफ्ट.
मी अंधारात गिटार मांडीवर घेतली.
वायर लावायचा प्रश्न नव्हता.
डोकं झुकलं, कपाटाला टेकलं.
या वेळी मी ते उचललं नाही.
तिसरा पडदा दाबला, करंगळीनेच,
आणि अंगठ्याने तार सोडत राहिलो,
एकसारखी, घाई न करता.
कपाटाचा पत्रा बोलायला लागला,
आतले रिकामे हँगरसुद्धा.

गरम तितकंच होतं. घाम तितकाच.
पण नरसय्याने डोळे न उघडता
चादर चाचपली
आणि गळ्यापर्यंत ओढून घेतली.