तलावपाळीला, परत आल्यावर

तिकडे दर रविवारी काहीतरी बघायचो :
पॅगोडा, गुहा, कुठल्याशा राजाची कबर.
तिकिटं अजून तुझ्या पाकिटात, शाई उडालेली.
सोमवारी पुन्हा फळा. शिप. शीप.
पोरांना दोन्ही सारखंच,
मेंढ्या बंदर सोडून निघायच्या
आणि आपण स्टाफरूममध्ये
भाताच्या डब्यावर वाकून हसायचो.

आज मासुंद्यात बोट.
जन्म इथे गेला, बसलो कधीच नव्हतो.
तू शंभराची नोट दोन्ही हातांनी दिलीस,
किंचित झुकून, तिकडच्यासारखी.
बोटवाल्यानं नोट पाहिली, मग तुला.
"बाहेरगावचे का?"
"कळव्याचे," तू म्हणालास, जरा मोठ्यानंच.

पेडल करकरत होतं.
पाण्यातल्या महादेवाला वळसा घालताना
तू विचारलंस,
लिन्हनं परीक्षा दिली असेल का गं?
असेल, मी म्हटलं.

दालातमध्ये चाळीसेक पोरं
"झू" म्हणतात अगदी तुझ्यासारखं.
तो झ कळव्याच्या म्युनिसिपल शाळेतला,
पाटीवर थुंकी लावून पुसलेला, पुन्हा गिरवलेला.
त्यांना तो लंडनचा वाटतो.

काठावरून शिट्टी झाली.
वेळ संपली होती,
आपण अजून तलावाच्या मधोमध.