दुरुस्तीपूर्व प्रत

साडेअकराला घंटा होते
आणि मी पर्वरीच्या टेकडीवर
दहा मिनिटांपुरती सरकारचा कान होते.
मग सावियो येतो, मी उठते,
तो माझ्या ऊबदार खुर्चीत बसतो.
वाक्य मध्येच तुटलं असेल
तर अर्धं माझ्या वहीत, अर्धं त्याच्या.

आज तारांकित प्रश्न चौदावा.
विचारणारे रुझार काब्राल, चष्मा कपाळावर,
कागद चार घड्यांचा, खिशात घामेजलेला.
"जिल्हा इस्पितळात वर्षभरात
ऑपरेशननंतर किती जणांची जखम चिघळली?"
मंत्री उठतात, कोटाचं बटण लावतात.
"सभापती महोदय, जंतू इस्पितळात तयार होत नाहीत.
ते रुग्णाबरोबर बाहेरून येतात."
(हशा.)
कंसात हशा लिहायचा असतो.
कोणाचा, ते लिहायचं नसतं.

"आणि नळाचं काय?"
"कुठला नळ?"
"सर्जिकल वॉर्डाबाहेरचा. त्याची चावी गेलीय.
गॉजच्या पट्टीनं बांधलाय, नर्सबाया कोपरानं ढकलतात."
"त्यासाठी वेगळी नोटीस द्यावी."
(व्यत्यय.)
(व्यत्यय.)

मला ठाऊक आहे तो नळ.
मार्चमध्ये एकोणीस रात्री
मी त्याच्यासमोरच्या बाकावर काढल्या.
नवऱ्याचं हर्निया, साधंच,
तिसऱ्या दिवशी घरी, म्हणाले होते.
नळ रात्रभर थेंब थेंब मोजायचा,
त्याच्याकडे तरी आकडा होता.
आता दामोदर बरा आहे.
म्हणजे देवळांच्या पेट्या दुरुस्तीला येतात अजून,
सूर लावतो, पट्ट्या बसवतो,
पण भाता दाबला की पोटात ओढ बसते,
म्हणून भाता शेजारचा पोरगा दाबतो.
हे मी उठून सांगू शकले असते.
पण मला पगार ऐकण्याचा आहे.

प्रश्न पंधरावा. दुसरे मंत्री, तोच माइक.
गुंतवणूकदारांबरोबर बैठका किती?
एकतीस.
कुठे?
दोना पावलाच्या हॉटेलात. काही परदेशात. एक बोटीवर.
बोटीवर का?
पाहुण्यांना मांडवी बघायची होती.
आणि कारखाने किती आले?
"चर्चा सकारात्मक झाली. सगळ्यांशी हात मिळवले."
मागच्या बाकावरून कोणीतरी:
"धुतले होते का?"

सभागृह फुटतं. बाकं वाजतात.
गॅलरीतली शाळेची मुलं एकमेकांच्या हातांकडे बघतात.
"हे शब्द कामकाजातून काढून टाकावेत!"
सभापती: काढून टाकले.
माझी पेन्सिल थांबते.
कुठले शब्द? धुतले? होते? का?
एवढ्यात सावियो मागे येऊन उभा राहतो,
दहा मिनिटं संपली.

कँटीनमध्ये दोन्ही मंत्री आणि काब्राल
एकाच बशीतली मिरची भजी खातात.
काब्राल विचारतात, मुलीचं लग्न कधी?
हेही मी ऐकते. इथे वही नसते.

दुपारी प्रत टंकून मंत्र्यांच्या कचेरीत जाते,
संध्याकाळी हिरव्या शाईत परत येते.
'जखम चिघळली' आता
'शस्त्रक्रियोत्तर गुंतागुंत' झाली आहे.
'बोटीवर'चं 'जलमार्गे'.
नळावर एक आडवी रेघ,
समासात बारीक अक्षरात: संदर्भ नाही.
हशा तेवढा ठेवलाय.

डिचोलीच्या बसमध्ये खिडकी मिळाली.
घरी पोहोचले तर दामोदर
पेटीचं पोट उघडून बसलेला,
पितळी जिभा वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेल्या.
"काय झालं आज?"
"माहिती गोळा करण्यात येत आहे."
तो हसतो, तळवा टाक्यांवर धरून,
कारण आतून ओढ बसते,
आणि बसते म्हणून आणखी हसतो.

मी मोरीत जाते. साबण लावते,
नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या,
त्या नर्सनं शिकवलं होतं तशी.
आमच्या नळाला चावी आहे, नवी, पितळेची.
तरी कोपरानंच बंद करते.