छाट

सिव्हिलच्या सिस्टर रणदिवे
मार्कंडेय देवळाच्या कट्ट्यावर
ऑक्सिमीटर घेऊन बसल्या.
हाफिजसाहेबांनी मशिदीचा कर्णा दिला, वर बॅटरीही.
व्यंकटय्या पुजारी तेलुगूत सांगत होते,
‘सॅच्युरेशन’पाशी अडले.
चौऱ्याण्णवला काय भ्यायचं?
शंभरात चौऱ्याण्णव म्हणजे पहिला नंबर की!

मांडीवरचं सूप न हलवता
राजमणी चिलका म्हणाली,
शंभर विड्यांत सहा छाट निघाल्या
तर कारखान्यात काय ऐकतो आपण?

बायका गप्प.
कर्णा तिच्याकडे गेला.

नवव्या रात्री तिचंच बोट,
तंबाखूनं पिवळं: एक्क्याण्णव.
रिक्षा हाफिजसाहेबांच्या भाच्याची,
पुढे टॉर्च घेऊन पुजारी.
सिव्हिलच्या दारात तिनं
एवढंच विचारलं,
छाट गेलेली
कुणी परत घेतं का, सिस्टर?