दार उघडलं की विसरते

उणे अडतीस.
थॉम्पसनमध्ये अशा दिवशी वायरचं प्लास्टिक
पापडासारखं तडकतं,
म्हणून गाडी आधी तासभर आत घेतली, नुसती शेकायला.

"दोन गॅरेजांनी हात झटकले," व्हर्ना बॅलंटाइन म्हणाली,
"गिअरची गाडी म्हटल्यावर."
झटकणारच.
दुरून बटण दाबलं आणि गाडी पहिल्यात असली
तर ती कुणाला विचारत नाही,
सुटते सरळ,
पुढे भिंत असो, नाहीतर शेजाऱ्याचं कुत्रं.

"लॉर्न कायम पहिल्यातच ठेवायचा.
म्हणायचा, हँडब्रेक गोठतो, गिअर गोठत नाही."
बरोबर होतं त्याचं. निकेलच्या खाणीतली
सगळी पोरं अशीच ठेवतात.
पण मेलेल्या माणसाशी वाद घालायचे
मला तासाला पैसे मिळत नाहीत.
मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

एक वायर क्लचची: यंत्राला वाटावं, पाय दाबलेला आहे.
एक हँडब्रेकची.
एक दाराची, आणि हीच खरी.
पाठ जमिनीला, पाय सीटवर,
तोंडात टॉर्च, एकसष्टाव्या वर्षी.
रेडिओच्या मागे एक पेन्सिल सापडली, अर्धी चावलेली.
ती मी होती तिथेच ठेवली.

मग तिला शिकवलं:
इंजिन चालू असतानाच न्यूट्रल,
हँडब्रेक ओढायचा,
किल्ली काढायची. घाबरू नका, बंद पडणार नाही.
उतरायचं. दार लावायचं.
आता पडेल बंद, आपलं आपण.
म्हणजे गाडीला खात्री पटली
की ती न्यूट्रलमध्ये आहे आणि आत कुणी नाही.
रात्रभर ती एवढंच लक्षात ठेवते.
दार उघडलं की विसरते.
मग सकाळी कितीही बटण दाबा.

पाचदा केलं तिने.
पाचही वेळा हात आपसूक पहिल्यावर गेला,
सतरा वर्षांची सवय, तीसुद्धा दुसऱ्याची.
सहाव्यांदा जमलं.
चाकामागे लावायला मी लाकडाची उटी दिली,
तिचे पैसे घेतले नाहीत.

नवव्या दिवशी फोन. "ओरेस्ट, तुझं यंत्र मेलंय."
गेलो.
वायरी ठीक. फ्यूज ठीक. बॅटरी माझ्यापेक्षा धट्टीकट्टी.
डबा लुकलुकून एकच सांगत होता:
दार उघडलं होतं.
"मी नाही उघडलं," व्हर्ना म्हणाली.
"कुलूप होतं. दुसरी किल्ली तर घरात, खुंटीवर."

मग मी काच पाहिली.
बाहेरून ती तिने खरवडली होती.
तरी ड्रायव्हरसमोर दव गोठलेलं होतं, आतून,
थाळीएवढं,
माझ्या हनुवटीच्याही खाली.
अकरा वर्षांच्या पोराचा श्वास
तेवढ्याच उंचीवर लागतो.

गिअर पहिल्यात होता.

मी काही बोललो नाही. तीही नाही.
वर खिडकीत पडदा हलला, की हिटरच्या वाऱ्याने, कोण जाणे.
ती बोटाने त्या दवावर काहीतरी करणार होती,
केलं नाही.
"काढून टाकायचं का हे?" तिने विचारलं.
"राहू दे," मी म्हणालो. "चांगलं चाललंय.
सुरू व्हायचं नव्हतं तेव्हा झालं नाही."
नंतर वाटलं, बिलबुकातलं बोललो.

ती आत बसली. किल्ली लावली.
क्लच खाली जाता जाईना,
गिअरचं तेल काकवीसारखं,
दोन्ही हातांनी गुडघा दाबला तिने.
इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं, लागलं.
मग तिने दार ढकललं आणि घराकडे तोंड करून
हाक मारली, "एमेट, शाळा!"
अगदी नेहमीसारखी.

मी उटी काढून मागच्या सीटवर टाकली.
तिथे एक गोधडी होती,
कालपर्यंत नव्हती बहुतेक.
मी बघितलीच नाही असं केलं.