तासाला दहा

ऐंशीवर हिवाळे बर्फावर चालली गुनवोर,
पडली ती स्वयंपाकघरातल्या पायपुसण्यावर.
याचीच तिला लाज.
लिक्सेलेच्या इस्पितळात
जो येतो तो विचारतो, "बर्फ होता का?"
ती म्हणते, हो.

खुब्यात खिळा बसलाय, नीट बसलाय.
"हाडाचं आम्ही बघितलं," सेलाम सांगते,
पाठीशी उशा रचत,
"आता छातीचं तुम्ही बघायचं.
आडव्या पडून राहिलात की
कफ तळाशी साचतो, मग ताप, मग न्यूमोनिया."
आणि हातात देते
अर्धी भरलेली पाण्याची बाटली, एक नळी.
फुंका. तासाला दहा.

दुधात बुडबुडे काढले म्हणून
आईनं बोटांवर चमचा मारला होता
त्रेचाळीस सालच्या थंडीत.
बाटली गुडगुडते.
खुब्यातून कळ जाते. खोकला येतो,
खोकला यायलाच हवा म्हणे.

शेजारची आल्फहिल्ड फुंकायची नाही.
"उद्या," म्हणायची, भिंतीकडे तोंड करून.
आज तिच्या पलंगावर ताणलेली नवी चादर.
खिडकीत बाटली राहून गेलीय,
भरलं होतं तेवढंच पाणी.

"किती झाले?" सेलाम दारातून विचारते.
गुनवोर नळी तोंडातून काढत नाही.
बोटं दाखवते: दहा.
मग, जरा थांबून,
आणखी एक.