रकाना क्रमांक सात

पहिल्याच प्रात्यक्षिकाला सर म्हणाले,
बाहेरचा डेटा कशाला, आपलाच वर्ग मांडू.
सव्वीस ओळी, अकरा रकाने.
मातृभाषा : एकच निवडा.

घरात मी तेलुगू बोलते, भांडते मराठीत,
आणि चौथ्या दिवशी नळ आला की
गल्लीभर कानडी उसळते, तीही कळते.
एकच निवडली.
मुस्कान नदाफ अडून बसली, उर्दू लिहू की दखनी.
बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बिराजदार काका,
वय एकोणपन्नास,
आलेखात वरच्या कोपऱ्यात एकटाच ठिपका,
डबा उघडून बसल्यासारखा.

रकाना क्रमांक सात : फी कोण भरतं?
पालक, कर्ज, शिष्यवृत्ती, स्वतः.
माझी फी म्हणजे अम्माच्या विड्या,
अन्नाची मागावरची रात्रपाळी,
अत्ताने नंबर नसताना उचललेली भिशी
आणि शिष्यवृत्ती, जी येणार आहे.
मी 'इतर' लिहिलं.
यंत्राने 'इतर' रिकामं धरलं.

मग सरासरी.
वर्गाचं सरासरी उत्पन्न ऐकून
वसराम राठोड मागून हसला :
तांड्यावर कळवतो, मी श्रीमंत निघालो म्हणून.
आकडा वर उचलणारी ओळ एकच, बाविसावी,
निहार चिलका. मातृभाषा माझीच.
अक्कलकोट रोडला त्यांचा टॉवेलचा कारखाना,
तिथेच अन्ना रात्रभर उभा असतो.
आम्हा दोघांची सरासरी काढली
तर दोघंही मध्यमवर्गीय.

निहार वाईट नाही.
त्याचा लॅपटॉप देतो, मी त्याच्या चुका काढते.
माझा लॅपटॉप मे महिन्यात स्टीलच्या ताटावर ठेवते,
ताटाखाली ओला टॉवेल,
त्यांच्याच कारखान्यातला,
काठ तिरका गेला म्हणून अन्नाला मिळालेला.

एक सत्र म्हणजे अम्माचे एकशे चाळीस दिवस,
सण न धरता.
हे मी कुठल्याच रकान्यात भरलं नाही.

दुसऱ्या हप्त्यानंतर मुस्कान आली नाही.
फोन लागायचा, मग तोही लागेना.
सर म्हणाले, अर्धवट ओळ काढून टाका,
मॉडेल बिघडतं.
काढली.
पंचवीस उरल्या. हिशेबाला सोप्या.

रात्री अम्मा सूप मांडीवर घेऊन,
तेंदूचं पान कातरत, न बघता :
आज काय शिकवलं?
म्हटलं, साफ करायला. खराब ते काढायचं.
म्हणजे छाट, अम्मा म्हणाली.
आमच्यात चेकर काढतो. हजारात पन्नास, साठ,
त्याच्या मूडवर. पैसे कापतो
आणि छाट फेकत नाही, ठेवून घेतो.
तुमच्यात किती निघाला?

एक, म्हटलं.

पंचवीसचा कट्टा बांधता बांधता
तिचा दोरा बोटातच थांबला.
कुणाची गं?