बुडीत खर्च

संध्याकाळच्या तुकडीत मीच सगळ्यांत थोराड.
शेजारची पोरगी पेन मागते ते "दादा" म्हणूनच.

सुळाखे मॅडम हातावरचा खडू झाडत सांगतात,
गेला तो पैसा गेला.
मशीन चार लाखांचं होतं की चाळीस,
पुढचं ठरवताना तो आकडा बघायचाच नाही.
गणितात दिलेला असतो तुम्हाला फसवायला.

मी उतरवून घेतो.
मग समासात, पेन्सिलीनं:
पेरूगेटजवळची अभ्यासिका, डेस्क एकेचाळीस,
कॉट बेसिस, मेसची कुपनं,
पाच वर्षं. दोन मुख्य परीक्षा. एक मुलाखत.
अण्णांनी फंडातून काढलेले साठ हजार
धरू की नको?

गणित बरोबर आलं. दहापैकी दहा.
उत्तर : मशीन काढून टाकावे.

कॉलेज सुटलं की सायकल आपोआप तिकडेच वळते.
एकेचाळीसवर आता कुणी नवा,
मी चिकटवलेल्या नकाशाखाली
डोकं टेकून झोपलेला.
गालावर स्पायरलचे वळ.
उठवलं नाही.

मॅडम, एक विचारायचं राहिलं.
बुडीत खर्च धरायचा नाही, कबूल.
पण घसारा
दरवर्षी लिहायचाच ना,
थोडा थोडा?